खासदाराचा खांदा

पवित्र आठवड्यात येशूच्या मूर्तीची पालखी उचलणाऱ्यांची मापं चर्चच्या अंगणात घेत होते. खांद्याच्या उंचीप्रमाणे जागा मिळते, म्हणून रांग. एउसेबियोच्या मागे बाजारातले दोन हमाल तावातावाने बोलत होते.

“अरे तिमो, गेल्या वर्षी तो खासदार मोन्सोन माझ्याच पुढे होता! त्याचा खांदा आणि पालखीची दांडी यांच्यामधून मांजर गेलं असतं!”

“काय सांगता दाजी! पेपरात तर घामाघूम फोटो होता!”

“घाम कसला, पाणी मारलं होतं! मी पाहिलं ना!”

“फादर घसा फोडून सांगतात, मजुराला पोटभर मजुरी देणं हाही धर्मच. तेव्हा हा पहिल्या बाकावर मान कशी डोलावतो!”

“आणि संसदेत कॉफी तोडणाऱ्यांची मजुरी वाढवायची म्हटली, की ह्याचा हात खाली!”

“पण दाजी, माप घेऊनही दांडी खांद्याला लागत नाही कशी?”

“उंचांच्यात घुसतो ना तो बुटका! एकदा त्याच्याहून बुटक्यांच्यात घाला त्याला. सगळा भार एकट्यावर!”

“देवा, एवढं एकदा बघू दे रे!”

“पुढचा!” माप घेणाऱ्या बाई ओरडल्या.

उंचापुरा एउसेबियो पट्टीला पाठ लावून उभा राहिला. ढगळ पँटच्या आत त्याने गुडघे हळूच वाकवले.

“खांदा एकशे सव्वीस सेंटीमीटर. नाव?”

“माझं नको, बाई. मी नुसता ड्रायव्हर, दरवर्षी मीच माप देतो. साहेबांचं लिहा. खासदार मोन्सोन.”