वाघ्याचा कान

रावेरात कुत्र्याच्या कानाचा वैद्य मीच होतो, बरं का. तोवर एकच कान पाहिला होता, तोही लांबून.

शेजारच्या गंगूअक्कांचा वाघ्या केळीची बाग राखायचा. चार दिवस तो डोकं एका बाजूला कलतं धरून कण्हत होता आणि तिकडे रानडुकरं खोडं पाडत होती.

"अक्का, तुमची बोलणी ऐकून कान किटले त्याचे," मी म्हटलं आणि वर आलेल्या कानात लसणाचं कोमट तेल ओतलं. वाघ्यानं डोकं झटकलं, तेल माझ्या तोंडावर!

अक्कांनी खाली कललेला कान उलटला. आत टम्म फुगलेली गोचीड.

"अक्का, पण त्यानंच तो कान वर केलेला!"

"भाऊ, तुले जो कान सोपा पडला, तोच दुखत व्हता का?"