बुधवारचा आकडा

आई : ...आणि बुधवारी संध्याकाळी एकशे बत्तीस, खाली चौऱ्याऐंशी. उत्तम! निशिकांतमामाला मी तेच सांगितलं. हे गुरुवारी पहाटे गेले, पण आदल्या संध्याकाळी प्रेशर चांगलं होतं, म्हणजे त्रास झाला नसणार. आता गार्गीला फोन लावते. पुण्यात बसून बाबांसाठी रडतेय बिचारी.

संजीवनी : आई, थांब. ती वही ठेव आधी.

आई : का गं? दहा दिवस हाच तर आधार आहे मला. रोजचा आकडा, तुझ्या अक्षरात. जहाजावरची इंजिनियरकी सुटली तरी ह्यांचा लॉगबुकाचा हट्ट सुटला नाही. इथे परदेशात, ह्या बुओना व्हिस्टाच्या फ्लॅटमध्येसुद्धा!

संजीवनी : मंगळवारचा आकडा वाच.

आई : एकशे बत्तीस, चौऱ्याऐंशी. अगंबाई, सारखाच की.

संजीवनी : सारखा नाही. तोच आहे.

आई : म्हणजे?

संजीवनी : बुधवारी मी मोजलंच नाही. ऑफिसचा कॉल चालू होता, कानात इअरफोन. वरचा आकडा खाली उतरवला.

(आई वही मिटते.)

आई : इंजिनाजवळ न जाता केबिनमध्ये बसून आकडे लिहिणाऱ्यांच्या टेबलावर ते जेवायलासुद्धा बसायचे नाहीत.

संजीवनी : माहितेय. "मागच्या तासाचा आकडा म्हणजे अफवा."

आई : देवापुढे कधी बसले नाहीत. मी टोमणा मारला की म्हणायचे, "रत्ना, चालत्या इंजिनाला हात लावला की तेवढा वेळ मनात दुसरं काही येत नाही. तेवढंच मला खरं कळतं. हात काढला की संपलं. पुन्हा लावायचा."

संजीवनी : आणि मी त्यांना अध्यात्माची पुस्तकं आणून द्यायचे.

आई : इतके दिवस गप्प होतीस ना? मग आज कशाला सांगितलंस? जगले असते मी त्या आकड्यावर.

संजीवनी : तू गार्गीला तोच आकडा सांगायला फोन हातात घेतलास. उद्यावर टाकलं असतं, तर कधीच सांगितलं नसतं.

आई : मोजलं असतंस तर वाचले असते?

संजीवनी : माहीत नाही. आता कळणारही नाही.

आई : कामात होतीस गं. त्यांच्या लक्षातही आलं नसेल.

संजीवनी : आलं होतं. बाही वर करून बसले होते, आई. मी म्हटलं, "झालं, बाबा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बाही खाली केली आणि बटण लावलं.