प्रवास विमा देणाऱ्या मामांबाबत

मी, खाली सही करणारी, वय २८ वर्षे, व्यवसाय लिफ्ट तपासणी व देखभाल अभियंता, राहणार बाजाराच्या मागच्या गल्लीत आईसोबत, आज पोलीस ठाण्यात स्वतः येऊन सांगते ते असे:

माझ्या आईचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे मामा, वय ५४, गेल्या सोमवारपासून घरी नाहीत. बसस्थानकासमोर त्यांचे प्रवासाची तिकिटे काढून देण्याचे दुकान आहे. लग्न केलेले नाही. दुकानाच्या वरच्या खोलीत राहतात. जाताना त्यांनी किल्ली शेजारच्या चष्मेवाल्याकडे दिली व गॅलरीतल्या झाडांना पाणी घालायला सांगितले. कुठे जातो ते सांगितले नाही. मी ते हरवल्याची नोंद करायला आले आहे. ते हरवले की पळाले, असे ठाणे अंमलदारांनी विचारले. मला ते ठरवता येत नाही. म्हणून घडले त्या क्रमाने सांगते.

मामा तिकिटाबरोबर प्रवास विमाही देत. पूर्वी ते एका विमा कंपनीचे एजंट होते. काही वर्षांपूर्वी कार्डावरचे कंपनीचे नाव बदलले. ‘ही कंपनी बरी आहे, लोकांशी भांडत नाही,’ एवढेच त्यांनी मला सांगितले होते. विमा देताना ते गिऱ्हाइकाला समोर बसवून समजावत. बीपी, शुगर असेल तर लपवू नका. केवळ स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका. काय भरून मिळणार नाही ते आधी वाचा. सामान चोरीला गेले तर लगेच पोलिसांत जाऊन कागद घ्या. दवाखान्यात भरती होण्याआधी मदत केंद्राला फोन करा. एकही पावती टाकू नका. आई म्हणायची, लागली याची टेप.

मावशी शाळेच्या नोकरीतून निवृत्त झाली म्हणून मामांनी तिला शेजारच्या देशात बोटीची सहल दिली. सोबत ते स्वतः आणि मीही गेलो. आईला बोट लागते, ती आली नाही. तिघांचा विमा मामांनीच काढला. तिसऱ्या दिवशी धक्क्यावर उतरताना मावशीचा पाय घसरला व खुब्याचे हाड मोडले.

दवाखान्याच्या काउंटरवर विमा आहे का असे विचारले. मामा मावशीच्या चपला मांडीवर घेऊन बाकावर बसले होते. मी कार्डावरच्या मदत केंद्राला फोन लावला. त्याच वेळी मामांच्या पिशवीतला दुसरा फोन वाजला. त्यांनी चपला माझ्या हातात दिल्या आणि पिण्याच्या पाण्याच्या यंत्रामागे गेले.

‘नमस्कार, मदत केंद्र. पॉलिसी क्रमांक सांगा.’

आवाज मला फोनमधून आणि यंत्रामागून, असा दोन्हीकडून येत होता. मी क्रमांक सांगितला. रुग्णाशी नाते विचारले. भाची, असे सांगितले.

‘घाबरू नका, ताई. ऑपरेशनला मंजुरी दिली आहे. सोबत कुणी मोठं माणूस आहे ना?’

‘मामा आहेत.’

‘मग काळजी नाही.’

मामा परत आले, चपला घेतल्या आणि काय म्हणाले असे विचारले. मंजूर झाले म्हणून मी सांगितले. ते म्हणाले, चांगली कंपनी आहे.

मी तेव्हाच त्यांना का विचारले नाही, असा प्रश्न आपण केला. मावशी आत होती.

कामावर लिफ्टमधील अडचणीच्या वेळचा फोन मी दर तपासणीत लावून पाहते. पलीकडे कोण उचलतो ते ऐकल्याशिवाय सही करत नाही. कार्डावरचा हा क्रमांक मी निघण्यापूर्वी लावून पाहिला नव्हता. कंपनीला परवाना आहे का, हेही पाहिले नव्हते. विमा मामांनी दिला म्हणून घेतला.

ऑपरेशनचे पैसे मामांनी काउंटरवर भरले. ते कुठून आले मला माहीत नाही. परत आल्यावर त्यांची गाडी दारात दिसली नाही. दुरुस्तीला टाकली आहे असे ते म्हणाले.

इथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की आत बसवलेली प्लेट सरकली आहे, पुन्हा ऑपरेशन करावे लागेल. हा खर्चही विम्यातून मिळायला हवा, असे मावशीच्या जावयाचे म्हणणे पडले. रविवारी त्यांनी मला सर्वांसमोर स्पीकरवर फोन लावायला सांगितले. मामा तिथे नव्हते. पुन्हा ऑपरेशन लागणार असे मी फोनवर सांगितले.

‘ताई, वरिष्ठांना विचारून सांगतो. लाईनवर राहा.’

वाट पाहताना लावतात ते संगीत लागले नाही. श्वास ऐकू येत होता. मग उद्या कळवतो असे सांगून फोन ठेवला. हा आवाज ओळखीचा वाटतो, असे जावई म्हणाले. अशा ठिकाणची माणसे सगळी सारखीच बोलतात, असे मी म्हणाले. सोमवारी मामा गेले.

त्या नावाची विमा कंपनीच नाही हे जावयांनी शोधून काढले व आपल्याकडे तक्रार दिली. दुसऱ्या ऑपरेशनचे पैसेही त्यांनीच भरले. मावशीने तक्रारीवर सही करायला नकार दिला आहे. दवाखान्यात माझ्यासमोर त्यांचे बोलणे झाले.

‘विमा नव्हता, तर माझं पहिलं ऑपरेशन कुणी केलं?’

‘तो विमा नाही झाला, सासूबाई. तो भाऊ झाला.’

‘मग?’

बाहेर आल्यावर जावई मला म्हणाले, तुमच्या मामांचे मन मोठे असेल, पण आज तेच कार्ड खिशात घालून जे लोक प्रवासात आहेत त्यांचे काय. हे म्हणणे बरोबर आहे. मामांनी केले ते चूक आहे व धोक्याचे आहे. अशी लिफ्ट मी त्याच क्षणी बंद केली असती. मला माहीत असलेल्या सर्व गिऱ्हाइकांना मी दुसरा विमा घेण्याविषयी कळवले आहे.

गुरुवारी एक बेकरीवाले चष्मेवाल्याकडे मामांची चौकशी करत आले. मी तिथे झाडांना पाणी घालायला गेले होते. बेकरीवाल्यांची बॅग मंगळवारी परदेशात चोरीला गेली होती. मदत केंद्राने त्यांना आधी पोलिसांत पाठवले, आणि कागद मिळाला का हे विचारायला स्वतःहून पुन्हा फोन केला. इतकी काळजी कुठली कंपनी घेते, असे ते म्हणाले.

मी माझ्या फोनवरून तो क्रमांक लावला. उचलला नाही. बेकरीवाल्यांच्या फोनवरून लावला. लगेच उचलला.

‘नमस्कार, मदत केंद्र.’

मी मावशीचा पॉलिसी क्रमांक सांगितला. दुसरे ऑपरेशन काल झाले, रुग्ण आज उठून बसली, असे कळवले.

‘रुग्ण विचारते आहे, भाऊ जेवला का.’



‘नोंद घेतली आहे, ताई.’

आपण कुठून बोलता, असे मी विचारले. मदत केंद्रातून, असे सांगून त्यांनी फोन ठेवला.

मदत केंद्राचा आवाज मामांचाच होता का, असा आपला प्रश्न आहे. होय. तिन्ही वेळा.

फोनचा ठावठिकाणा काढायला परवानगी लागते व त्यात दिवस जातात, म्हणून ठाण्यातल्या फोनवरून मी गिऱ्हाईक म्हणून बोलावे, अडचण सांगून त्यांना गुंतवून ठेवावे आणि कुठे आहेत ते काढून घ्यावे, असे आपण सुचवले. क्रमांक मी दिला आहे. आपण शोध घ्यावा, त्यांना सुखरूप आणावे, आणि कायद्याने जे होईल ते व्हावे. पण मी स्वतः इथून तो क्रमांक लावायला तयार नाही. अडचणीत आहे म्हटले तर ते उचलतील.

हा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी जे सांगितले तेच आणि तेवढेच यात आहे. सही करत आहे.