लाल चेहरा

त्वचारोगाच्या दवाखान्यात आपला नंबर यायची वाट बघणाऱ्या शिक्षिकेशेजारी बहीण-भाऊ येऊन टेकले. दोघं नुकतेच डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आले होते. भावाचे गाल लालबुंद होते आणि नाकही.

“ऐकलंस ना? रोझेशिया म्हणून कातडीचा आजार आहे. दारूचा काही संबंध नाही.”

“मग कशानं झालं, ताई?”

“नेमकं कारण कुणालाच ठाऊक नाही म्हणे. ऊन, तिखट, मनस्ताप, यांनी भडकतं. आणि तू मनानंच ते स्टेरॉइडचं मलम चोपडत होतास, त्यानं आणखी चिघळलं.”

“बरं कधी होणार?”

“मुळापासून जात नाही. औषध लावायचं, गोळ्या घ्यायच्या, उन्हाला जपायचं. आटोक्यात राहील.”

“आटोक्यात! शाळेची बस तर काढून घेतली माझ्याकडून. पिऊन चालवतो म्हणे.”

“मी येते शाळेत. सांगते त्यांना.”

“शाळेला सांगशील. घरी काय? बायको रोज दार उघडते आणि आधी माझं तोंड हुंगते.”

“तिलाही समजावते मी.”

“तू? मगाशी गाडीत तूही हुंगलंस, ताई.”

ताईनं खिडकीबाहेरच्या उन्हाकडे बघितलं.

“उन्हं उतरू देत,” ती म्हणाली. “मग निघू.”