बराकीसाठी शेवटचं पान

ते २००१ सालचे आंब्याचे दिवस होते. वाचनालयाच्या रांगेत पुढच्या माणसाने वळून वैदेहीताईंनी परत करायला आणलेली कादंबरी बोट दाखवून मागितली आणि टेबलामागचे ग्रंथपाल परचुरे करवादले.

“सभासद आहात?”

“नाय.”

“मग दोन सभासदांची ओळख आणा. काम काय करता?”

“मिरजोळ्यात आंब्याच्या पेट्या ठोकतो. त्याआधी तुरुंगात व्हतो.”

वैदेहीताईंनी पर्स छातीशी धरली.

“कशासाठी?” परचुऱ्यांनी विचारलं.

“सख्ख्या भावावर कोयता चालवला. वाचला तो.”

“हे बघा, पुस्तक मिळायचं नाही.”

“घरी न्यायचा नाय, सायेब. शेवटचा पान हितंच उभ्यानं वाचतो. बराक बंद झाली की मी सगळ्यांना हीच गोष्ट वाचून दाखवायचो. शेवटचा पान कुणीतरी बिडीला फाडलान. उद्या त्यांच्या भेटीला चाललोय. पयला तेच इचारतील.”

“अहो, नियम म्हणून काही—”

“वाचू द्या,” म्हणत वैदेहीताईंनी पुस्तक पुढे केलं.

त्याने पान ओठ हलवत वाचलं, परत वाचलं आणि पुस्तक मिटून त्यांना दिलं.

शेवटी परचुऱ्यांनाच राहवेना. “काय होतं हो शेवटी नायकाचं?”

“तुरुंगातनं सुटून घरी जातो. त्याचा भाऊस दार उघडत नाय.”

“मग उद्या आत काय सांगणार?”

“उघडलान म्हणून सांगेन.”