वलांडीवर वाळलेली फ्लॉपी

— नाय नाय, नाकाला रुमाल लावा तुमी खुशाल, मी रागवायची नाय. टोपली भायेर ठेवली, चपला भायेर काढल्या, पन वास काय चपलेसारखा दारात काढून ठेवता येतो काय? तुमीच दिनानाथभाऊ ना? मंगलानं पाठवलं मला, पाम गावची मंगला, कंपनीत टायपिस्ट हाय ती. ती बोलली, काशीबाय, बोईसरात लग्नपत्रिका छापनारा एक दिनानाथ हाय, त्यानं नवं कम्पुटर घेतलं तरी जुनं मागल्या खोलीत तसंच ठेवलंय, टाकवत नाय त्याला. मी बोलली, मंग तो मानूस आपल्या कामाचा. हे काय, ह्या मशीनला फडक्याची टोपी, वर पंखा — नि तुमी सोता घामानं भिजलेले. लाड बरे हायत म्हातारीचे.

ह्या दोन बघा. ही मोठी फ्लॉपी, हिच्यात आमच्या मानसाचा फोटो हाय. नि ही छोटी, हिच्यात मंगलानं तोच फोटो उतरवून दिला. मोठीला हुंगू नका. नका म्हनते ना — बघा, हुंगलीच. आता सांगावं लागनार. त्याचं असं झालं, गेल्या पावसात घरात ओल आली, पेटीतल्या कागदांना बुरशी धरली, पाऊस सरल्यावर मी सगळं भायेर काढलं, हिला हात लावला तं ही पन दमट. आता दमट जिन्नस आमी कोळनी काय करतो? वलांडीवर टाकतो. बांबूवर बोंबील लटकवलेले व्हते, दोन बोंबलांच्या मधी हिला चिमट्यानं लावली. दोन दिवस कडक ऊन खाल्लं तिनं. हसा, हसा, साहेबलोकांच्या कॉलनीतला नवा साहेब तं इतका हसला की त्याची बायको आतनं बघायला आली. पन वाचली ना ती? बोंबील टिकतो तं ही का टिकनार नाय.

फिरली किती सांगू. पह्यली पालघरला, फोटोच्या स्टुडिओत. त्यानं मोठी हातात घेतली, मशीनकडं बघितलं, परत हिच्याकडं बघितलं, बोलला मावशी, हिला आत घालायला ह्या मशीनला जागाच नाय, आता सगळं छोटं आलंय. मंग मंगलानं कंपनीत जेवनाच्या सुट्टीत मोठीतलं छोटीत उतरवलं. उतरला तं खरा, पन उघडंना. तिथला एक भय्या बाबू बोलला, अम्मा, बहुत पुराने तरीके का फोटो है, ये मशीन पहचानता नहीं. मी बोलली, मशीन काहे को पहचानेगा, मेरा आदमी है, मैं पहचानती. सगळे हसले. मंग गेली कॉलनीत. ज्यानं फोटो काढलेला तो साहेब बदली होऊन मद्रासकडं गेला, त्याच्या जागेवर हा दुसरा, मघाशी बोलली तो. त्याचं मशीन रंगीत. तिथं उघडला — तं आख्ख्या काचेवर पट्टे, हिरवे नि जांभळे, लुगड्याच्या काठासारखे. बोलला, फोटो काळा-पांढरा हाय, नि ह्या मशीनला वाटतंय रंगीत. मी बोलली, साहेब, पांढरं पन सोडा, आमचा मानूस तं नुस्ता काळा. तोच मंग बोलला, दहा वर्सांपूर्वीचं मशीन कुठं मिळालं तं बघा, त्याला कळेल.

काय विचारता — नाव? कोनाचं, फायलीचं? ते तुमीच वाचा बाबा, मी घ्यायची नाय, त्याचंच नाव हाय ते. फोटो काढनाऱ्या साहेबानं तवा ह्याला सांगितलेलं, मशीन नावाला आठच अक्षरं घेतं, नि ह्याचं नाव विंग्रजीत बरोबर आठ अक्षरांचं निघालं. घरी येऊन कौतुकानं सांगत व्हता. बाकी जन्मात त्याला काय म्हनून बरोबर बसलं नाय.

घाई? घाई हाय ना. रविवारी मांडव. आमच्या नामदेवचं लगीन, सातपाटीच्या तांडेलाची तानी — दोन बोटी हायत त्यांच्या. आमच्यात मांडवात आदी घरातल्या मेलेल्यांना बोलवतात, धवलारीन गानं म्हनते, एकेकाचं नाव घेऊन या म्हनते. नि त्या सातपाटीवाल्यांकडं नाव घेताना पाटावर फोटो मांडतात. त्यांच्या बाजूनं सात फोटो येनार, हारबिर घालून. आमच्या बाजूनं काय मांडू, ही फ्लॉपी? नामदेव बोलला आये, राहू दे. मी बोलली, बापूस पोऱ्याच्या लग्नाला येनार नाय असं व्हईल काय.

तं काम दोन हायत. पह्यलं, उघडायचा. दुसरं — जरा इकडं या — तो पालघरवाला मेलेल्यांना कोट-टाय घालून देतो ना, आंग भलत्याचं नि डोकं आपल्याचं, तसं तुमाला येतं काय? येतं ना. कोट नको मला. लाल टोपी घाला, नि गळ्यात रुमाल, बोटीवरच्यासारखं. आंगावर काय हाय ते मी बघितलं नाय, पन खाकी असनार. ती खाकी काढा.

का म्हंजे? तुमाला छापायचं काम, का विचारायचं काय काम? — बरं, बसलाच हाय तं ऐका. दर्या लागायचा त्याला. कोळ्याला दर्या लागतो, ऐकलंय कवा? बोट खाडीभायेर गेली की ह्याची उलटी सुरू. लग्नाआदी कोनी बोललं नाय आमाला. बारा वर्सं ओकत ओकत गेला बिचारा, मंग एक दिवस जाळं भावाला दिलं नि कॉलनीत माळी लागला, खाकी घालून गुलाबाला पानी घालायला. नि मी कोन — मी तांडेलाची पोर. बाजारात बायका विचारायच्या, काशे, आज तुझ्या घोवाच्या जाळ्यात गुलाब किती गावले? मी हसायची त्यांच्यासंगती. घरी येऊन त्याच्यावर काढायची. घरात एक फोटो व्हता त्याचा, नारळी पुनवेचा, बोटीवर उभा, लाल टोपी, दोर धरलेला. तोच मांडला असता रविवारी. तो फोटो पावसाच्या पान्यानं — नामदेवला मी तसंच सांगितलंय, पान्यानं गेला म्हनून. तुमी त्याला काय बोलू नका हां, फोटो न्यायला येईल तो. पान्यानं नाय गेला. चुलीत गेला. मी घातला, त्याच्या डोळ्यांसमोर. बोलली, ह्या फोटोतला मानूस मेला माझा.

बघा, काय सांगून बसली मी तुमाला. मशीन चालू व्हयाला तुमच्या किती वेळ लागतो, त्याच्यापायी मानूस बोलत सुटतं.

फोटो जाळल्यावर आठ दिवसांनी तो ही फ्लॉपी घेऊन आला. साहेबानं प्रदर्शनासाठी मशीनला कॅमेरा जोडलेला, बागेत ह्याचाच फोटो काढला पह्यला. बोलला, काशे, हा चुलीत घालायला हातात येनारच नाय, चल एकदा, साहेब मशीनवर दाखवतो तुला. मी गेली नाय. कॉलनीच्या गेटावर मी रोज मासळी विकते, आत दोनशे पावलं, पन गेली नाय. दर साल विचारायचा, हसतच विचारायचा, येतेस काय फोटो बघायला. मी बोलायची, टोपली कोन बघनार. साहेबाची बदली झाली तवा विचारायचं बंद झालं. नि गेल्या माघात तीन दिवसांच्या तापानं तो गेला. आता खरं सांगते, भाऊ, हसायचं तं हसा. डोळे मिटले की मला त्याचा चेहरा येत नाय. पाठ येते. सकाळी सायकल घेऊन कॉलनीकडं जायचा, ती पाठ. मी चेहऱ्याकडं बघायचंच सोडलेलं, त्याला काय करनार.

आला काय? हे काय, काळोखच हाय. वरनं येतो? एकेक रेघ — बरं, येऊ द्या, दहा वर्सं थांबला तो, मी थांबते. हे झाड. आंब्याचं हाय, गेटाच्या आतलं. हे केस — तेल नाय बघा डोक्याला, कितीदा बोलायची. हे कपाळ. हां. हां, त्याचंच.

थांबा. तो हसतोय काय? नाय, मशीनचं काय चुकलं असेल, परत बघा. नाय चुकलं? दात दिसतायत त्याचे. घरी तोंड मिटून हसायचा तो, मला वाटायचं तसाच हाय तो. हे आंग — खाकी. वरचं बटन नाय, लावून दे बोलला व्हता मला. हातात नळी, झाडाला पानी घालतोय नि कोनी हाक मारली म्हनून वर बघितल्यासारखा. नि उभा कसा हाय बघा, भाऊ. पाय रोवून. त्या चुलीतल्या फोटोत दोर दोनी हातांनी आवळून धरलेला, तोंड पिवळं पडलेलं, नि मी त्यालाच रुबाब समजायची.

नको. टोपी नको. मी बोलली असेल, पन आता नको बोलते. रुमाल पन नको, खाकीला हात लावू नका. बटन नाय तं नाय. सातपाटीवाले विचारतील तं मी सांगेन, माळी व्हता, दर्या सोसत नव्हता त्याला. तुमी छापा, असाच, मोठा छापा.

आता नको, मंग छापा. आदी तुमी भायेर जा. दुकान तुमचं हाय ते मला म्हायत हाय, दिनानाथभाऊ. जा, चहा पिऊन या. मशीन बंद करू नका, नि जाताना दार लोटून घ्या.