चौथी बाटली

मुलगी : डोळे बंद म्हणजे बंद, बाबा. फटीतून बघायचं नाही.

बाबा : जन्मभर मुलांना रसायनशास्त्र शिकवलं, आता लेकीकडून परीक्षेचे नियम शिकतो. आण ती बाटली.

मुलगी : आधी ठरलंय ते पुन्हा सांगते. सगळे वास ओळखलेत, तर मागच्या खोलीतली शिकवणी चालू. एक जरी चुकला, तर बंद.

बाबा : एवढ्याशा तोटीवरून केवढा गहजब.

मुलगी : गॅसच्या बर्नरची तोटी अर्धी उघडी होती. तुम्ही आणि चार मुलं त्याच खोलीत. धाकट्याला न्यायला त्याची आई आली, तिला दारातच वास आला, म्हणून निभावलं.

बाबा : मुलांनाही नाक आहे.

मुलगी : मुलांना आला होता वास. मी विचारलं त्यांना. म्हणाली, सरांना कळलंच असेल.

बाबा : ...बाटली आण.

मुलगी : ही पहिली.

बाबा : हं. बाप रे, झणका बसला. अमोनिया. पुढची.

मुलगी : बोट कशाला बुडवताय?

बाबा : बोटावरून वास नीट येतो. स्पिरिट. पुढची.

मुलगी : अहो, सांडलं ना बेसिनमध्ये!

बाबा : हात थरथरतो या वयात. व्हिनेगर आहे. तीनपैकी तीन. जीवशास्त्राच्या बाई, झालं समाधान?

मुलगी : अजून एक आहे.

बाबा : तीन ठरल्या होत्या.

मुलगी : किती ते ठरलंच नव्हतं.

बाबा : दे. हं... हं. थांब जरा. हे पाणी आहे. मला शेंडी लावतेस होय? नुसतं पाणी!

मुलगी : डोळे उघडा, बाबा. गुलाबपाणी आहे. खोलीभर घमघमाट सुटलाय.



बाबा : पहिले तीन तर ओळखले.

मुलगी : अमोनिया नाकाला झोंबतो, डोळ्यांत पाणी आणतो. झोंबणं कळतं ते वेगळ्या नसेनं. वासाच्या नसेचा त्यात संबंध नाही. स्पिरिट चटकन उडतं, उडताना बोटाची उष्णता घेऊन जातं, बोट गार पडतं. आणि व्हिनेगर सांडलं कुठे, तर बरोबर बेसिनमधल्या खायच्या सोड्यावर. फसफस मलाही ऐकू आली. सोडा तिथे कुणी टाकून ठेवला होता?

बाबा : सकाळी बेसिन घासलं होतं.

मुलगी : बाबा.

बाबा : बरं, नव्हतं घासलं.

मुलगी : कधीपासून वास येत नाही?

बाबा : त्या मोठ्या तापानंतर. आधी वाटलं, सर्दी रेंगाळलीय. मग एकदा दूध करपून काळं झालं, तेव्हा कळलं. तेही धूर दिसला म्हणून.

मुलगी : आणि तरी मुलांसमोर गॅस पेटवत राहिलात? गॅसला मुळात वास नसतो, माणसाला कळावं म्हणून मुद्दाम घालतात, हे मला कुणी शिकवलं?

बाबा : मीच. अगं, संध्याकाळी ती चार पोरं आली नाहीत, तर हे घर मला खायला उठतं. तुला कसं सांगू? नाक गेलं म्हणालो असतो, तर दुसऱ्या दिवशी कुलूप लावलं असतंस.

मुलगी : लावलं असतं. पण गॅस काढून टाकू, मग कुलूप कशाला? चुंबक आहेत, भिंगं आहेत, मी सूक्ष्मदर्शक आणून देते. मुलं येतील की.

बाबा : गॅस तर आजच काढायचा. त्यानं भागत नाही पण.

मुलगी : आता काय राहिलं?

बाबा : तुला शाळेत असताना मी प्रयोगशाळेबाहेर काढलं होतं. कशासाठी?

मुलगी : पाणी उकळायचा प्रयोग होता. थर्मामीटर न बघताच मी शंभर लिहिलं, पुस्तकात होतं म्हणून. आपलं गाव उंचावर, इथे पाणी अठ्ठ्याण्णवलाच उकळतं. आठवडाभर बाहेर उभी होते. आई तुमच्याशी बोलत नव्हती.

बाबा : चुकीचा आकडा चालतो, न बघितलेला चालत नाही, असं म्हणालो होतो मी. मग आता मलाही आठवडा.

मुलगी : बाबा, उगाच काहीतरी काढू नका. वय काय तुमचं.

बाबा : नियमात वय नव्हतं लिहिलेलं. शिकवणी तू घे. मी बाहेर पायरीवर बसेन.

मुलगी : आणि मुलं विचारतील, सर बाहेर का बसलेत. त्यांना सांगू काय? बरं नाही म्हणून सांगते.

बाबा : नको. सांग, सरांना वास आला नव्हता, आणि त्यांनी आला म्हणून सांगितलं.